नऊ फुटांची एकोणीस फूट केबल

केबल लांब असली की कॉम्प्युटरची हार्ड डिस्क हळू चालते का, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारते, "कूलर कुठं आहे?" लोक हसतात. बाईचं वय झालं, विचारलं एक आणि बोलते भलतंच, असं त्यांना वाटतं. हसू द्या. ज्या उन्हाळ्यात माझी खुर्ची जाता जाता राहिली, त्या उन्हाळ्यात केबल आणि कूलर हे दोघं एकाच खिळ्याला टांगलेले होते. खरोखरच्या लोखंडी खिळ्याला. सांगते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी लाकडाच्या डेपोत टायपिस्ट होते. डेपो चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, घरापासून बसने अर्धा तास. आलापल्लीकडच्या जंगलातलं सागवान लॉऱ्यांमधून यायचं, मैदानात थप्प्या लागायच्या, मग लिलाव. लिलावाआधी यादी लागते. प्रत्येक ओंडक्याचा नंबर, लांबी, गोलाई, दर्जा. ओंडक्याला आमच्याकडे 'नग' म्हणायचे. मी ती यादी कार्बन घालून टाइप करायची, पाच प्रती. पाचवी प्रत ज्याला मिळे त्याला सागवान आहे की मोह, हे अंदाजानं ओळखावं लागे.

त्या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून कॉम्प्युटर आला. आला तो दोन पेट्यांत. एका पेटीत मशीन आणि दुसऱ्या लहान पेटीत हार्ड डिस्क, जिच्यात सगळी यादी साठायची. आताच्या मशीनच्या पोटातच डिस्क असते म्हणतात. आमची शेजारी बसायची, आणि दोघींच्या मध्ये हातभर चपटी करडी केबल, शाळेतल्या पोरीच्या वेणीच्या रिबिनीसारखी.

पेट्या टेबलावर ठेवल्या न ठेवल्या तोच आमचे मोजणीदार भाऊ पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन हजर. डेपोतले सगळे नग मोजायचं आणि त्यांच्यावर नंबर घालायचं काम त्यांचं. त्यांनी मशीनच्या पाठीवर, डिस्कच्या पाठीवर ब्रशनं मोठे आकडे काढले.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"डेपोत राहाचं तं नंबर लागते, बाई. बिननंबरचा माल आपला नाई."

साहेबांनी पाहिलं तेव्हा रंग वाळला होता. साहेब पुण्याकडून बदलून आलेले. रागावले तरी "अहो बाई" म्हणून रागवायचे, त्यामुळे राग आहे की चहा हवा आहे, हे कळायला मला एक वर्ष लागलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "अहो बाई, वरून सुचवलंय की मशीनवर नागपूरचा पदवीधर माणूस बसवावा. मी म्हटलं, आधी आमच्या बाईंना बघू द्या. उन्हाळ्याच्या मोठ्या लिलावाची यादी मशीनमधून वेळेत निघाली तर ही खुर्ची तुमची. नाही निघाली तर पदवीधर येईल, आणि तुमच्यासाठी भामरागडकडच्या नाक्यावर जागा रिकामी आहे."

भामरागडची माणसं लाख चांगली, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण पावसात नदी चढली की तिकडचा रस्ता बंद. लेक माझी चंद्रपुरात चौथीत. नवरा रोज बसनं भद्रावतीच्या कारखान्यात जायचा, आणि स्वयंपाकात त्याला चहापुढे काही येत नसे. चहाही येत होता असं मी शपथेवर सांगणार नाही. म्हणजे मी नदीच्या पलीकडे अडकले तर अलीकडे हे दोघं काय खाणार, असा सरळ प्रश्न होता. शिवाय, खरं सांगू, मला ते मशीन आवडलं होतं. मी मॅट्रिक. माझे वडील चामोर्शीकडचे, त्यांच्या पिढीत घरातून पहिल्यांदा शाळेत गेले आणि मास्तर झाले. पोरींनी हाताला काहीतरी शिकावं म्हणून त्यांनी मला टायपिंगला घातलं. त्यांना सांगायचं होतं मला, की बाबा, आता कार्बन लागत नाही.

मशीनसोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचायची. एका पानावर सापडलं, की हार्ड डिस्कला धक्का सोसत नाही. बाहेर तर दिवसभर लॉरीतून ओंडके उतरायचे. ओंडका जमिनीवर पडला की माझं टेबल हलायचं, टेबलावरची पेन्सिल चालत चालत काठाशी यायची. मी घाबरून साहेबांना सांगितलं. म्हणजे पुढचा सगळा घोळ सुरू केला तो मीच, हे आधी कबूल करते.

साहेबांनी ठरवलं, डिस्कची पेटी भिंतीपलीकडे रेकॉर्डच्या खोलीत ठेवायची. तिथं दगडी ओटा होता, भूकंप आला तरी हलला नसता. भिंतीला भोक पाडलं. आता हातभर केबल कशी पुरणार? मोजणीदार भाऊंनी टेप लावला. ते लाकूड मीटरमध्ये मोजायचे आणि बाकीचं सगळं जग फुटांत.

"नऊ फूट भरते," ते म्हणाले. मग डोकं खाजवून, "एक फूट या टोकाले, एक फूट त्या टोकाले. लिहा अकरा."

ही त्यांची सवय नव्हे, ही डेपोची रीत. लाकूड उन्हात वाळलं की टोकाला फाटतं, म्हणून जंगलात कापतानाच मापापेक्षा थोडं वाढीव ठेवायचं. जास्तीचं केव्हाही कापता येतं, आखूड पडलं तर नग गेला. डेपोत वीस वर्षं काढलेला माणूस पायजम्याचं कापडसुद्धा टोकं फाटतील या हिशेबानं घेतो. साहेब वर्षभरात आमच्यातलेच झाले होते. ते म्हणाले, "दोन फूट माझ्याकडून घाला. पुढंमागं कपाट हलवलं तर?"

तेरा फुटांचा कागद घेऊन मी बाजारातल्या रेडिओवाल्या चाचांकडे गेले. रेडिओ, टेप, लग्नातला भोंगा, लिलावाचा माईक, काहीही बिघडलं की चाचा. कॉम्प्युटर त्यांनी पाहिला नव्हता, पण केबल हातात घेऊन बोटांनी एकेक तार मोजली आणि म्हणाले, "होऊन जाईल, बाई. नागपूरहून पट्टी मागवतो." दोन्ही टोकांचे जोड मिळत नव्हते, म्हणून जुन्या केबलचेच कापून नवीनला लावावे लागले. आठ दिवसांनी केबल आली. भाऊंनी मोजली. एकोणीस फूट.

"चाचा, तेरा सांगितली होती!"

"जोडकामात दो-तीन फूट जाते, बाई. आणि बाकी माझ्याकडून. सरकारी काम आहे, कमी पडलं तं माझं नाव जाते."

अशी ती नऊ फुटांची केबल. पुरल्यावर दहा फूट उरली. उरलेल्याचं भाऊंनी सुबक वेटोळं केलं आणि माझ्या मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. त्याच खिळ्यावरून कूलरची जाडी वायर जात होती. दोन्ही लोंबकळताना वाईट दिसतात म्हणून सुतळीनं एकत्र आवळून बांधल्या. भाऊंच्या हाताची गाठ, हत्ती बांधला असता. साहेबांनी मागं सरकून पाहिलं आणि म्हणाले, "वा. नीटनेटकं."

कूलरबद्दलही सांगते. तो मंजूर झाला मशीनसाठी, मशीन तापू नये म्हणून. तोंड मात्र त्याचं साहेबांच्या खुर्चीकडे होतं.

आता गंमत सुरू झाली. सकाळी मी आले की मशीन कसं पळायचं! नग विचारला की पडद्यावर आलाच. अकरा वाजून गेले की त्याचं अंग जड होई. मी नग विचारायची, आणि भिंतीपलीकडून डिस्कचा आवाज यायचा, टक्. थांबून पुन्हा टक्. आणखी थांबून टक्. मग कुठं एक ओळ. पाटी पुसून लिहिली असती तर लवकर झालं असतं. कधी तर यादी मधेच सोडून इंग्रजीत माझ्यावरच ओरडायचं.

सगळ्या डेपोला विषय मिळाला.

"बाई," भाऊ दारातून म्हणायचे, "तुमचं मशीन जेवलं की लवंडते काय?"

साहेब म्हणायचे, "अहो बाई, सकाळच्या तुम्ही वेगळ्या आणि दुपारच्या वेगळ्या का? डब्यात भात थोडा कमी आणून बघा." भात कमी आणूनही बघितला मी. चार दिवस. उपाशी माणसासमोर मशीन आणखी हळू चालतं, एवढंच कळलं.

मग भाऊंनी निदान केलं, की दोष केबलच्या लांबीचा. "एकोणीस फूट येते बिचारी वीज. धापा टाकून राह्यली. हातभर होती तवा कशी टुणकन यायची."

हे चाचांच्या कानावर गेलं. ते सायकल मारत डेपोत आले, कपाळाला घाम. "कोण म्हणते वीज थकते? वीज डोळा लवायच्या आत नागपूरले जाऊन परत येते. तुमच्या एकोणीस फुटानं तिचं काय होते? लंबाईचं नाव घेऊ नका, बाजारात माझं नाव खराब होते."

"मंग दुपारी काऊन थकते?"

"दुपारी तुम्हीच थकता, भाऊ!"

मला दोघांचंही पटत नव्हतं. मी म्हटलं, "सकाळीपण एकोणीस फूटच असते ना ती? का दुपारी आणखी वाढते?" भाऊ चक्क टेप काढून पुन्हा मोजायला निघाले. उन्हानं वाढली असेल म्हणाले.

हसणं ठीक, पण लिलावाला तीन दिवस राहिले आणि यादी निम्मीसुद्धा झाली नव्हती. साहेबांनी मला बोलावलं. ह्या वेळी "अहो बाई" म्हणाले नाहीत, नुसतं "बाई" म्हणाले, तेव्हा मी समजले. नागपूरला पत्र लिहायचं की नाही, ते उद्या संध्याकाळी ठरवतो, म्हणाले. पत्राचा मसुदा टाइप करायला मलाच सांगणार होते. दुसरी टायपिस्ट होती कुठं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनसमोरून उठले आणि बाहेर माठाजवळ पाणी प्यायला गेले. मैदानात मोजणी चालू होती. मोजणीची आमची पद्धत अशी. भाऊ थप्पीजवळून टेप लावून ओरडायचे, आणि दूर झाडाखाली बसलेला लिहिणारा गडी तेच परत ओरडून सांगायचा, मग लिहायचा. परत सांगितलेलं जुळलं नाही तर भाऊ पुन्हा ओरडायचे. जुळेपर्यंत पुढचा नग नाही.

"दोनशे बारा! लांबी तीन वीस! गोलाई एक दहा!"

"दोनशे बारा, तीन वीस, एक दहा!"

"दोनशे तेरा!"

तेवढ्यात लॉरीवाल्यानं इंजिन चालू केलं. आता भाऊ ओरडतात तीन चाळीस, गडी सांगतो तीन वीस. पुन्हा ओरडतात. गडी सांगतो चार वीस. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा कुठं जुळलं. एकेका नगाला तीन-तीन हाका. लॉरी निघून गेली, आणि परत एका हाकेत एक नग, धडाधड.

मी पेला हातात धरून उभी. अंतर तेवढंच. भाऊंचा गळा तोच, गड्याचे कान तेच. अंतरानं भाऊंचा आवाज दमत नव्हता. मधे लॉरी ओरडत होती, म्हणून पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. टक्, टक्, टक्. अगबाई, म्हटलं, माझी डिस्कपण हेच करून राह्यली. ऐकू आलेलं जुळत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचते. मग माझ्या खोलीत अशी कोणती लॉरी आहे, जी सकाळी नसते आणि अकराला चालू होते?

साहेब सकाळी मैदानात फेरी मारायचे. अकराला आत येऊन बसायचे. आणि बसले की कूलर.

मी आत गेले आणि विचारल्याशिवाय कूलरचं बटण बंद केलं. साहेबांनी डोळे उघडले. मी मशीनला नग विचारला. पलीकडे टक् नाही, काही नाही. नग पडद्यावर हजर. कूलर चालू केला. टक्. टक्.

"अहो बाई, योगायोग असेल," साहेब रुमाल शोधत म्हणाले.

"मग अजून एकदा बंद करून पाहते ना, साहेब."

असं पाच वेळा झालं. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर साहेबांची दया येईल. पाचव्या वेळी शर्ट अंगाला चिकटला तेव्हा त्यांना माझं म्हणणं पटलं. मी खिळ्याकडे बोट दाखवलं. कूलरची वायर आणि केबलचं वेटोळं, दोघं सुतळीनं गळ्यात गळा घालून बसले होते.

"दोन दिवस कूलर बंद ठेवू या," मी म्हटलं.

"पण तो मशीनसाठी मंजूर झालाय," साहेब घाईनं म्हणाले.

भाऊंची गाठ सुटेना, सुतळी कापली. वेटोळं दुसऱ्या भिंतीला नेऊन टांगलं. पुष्कळ फरक पडला, पण मधूनच एखादी टक् यायचीच. मी म्हटलं, हे दहा फूट पाहिजेतच कशाला? कापा.

भाऊ केबलच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. खरंच उभे राहिले, हात पसरून. "कापलेलं वाढत नाई, बाई. आखूड पडली तं? जुनी तं कापून बसलो."

त्यांचं खोटं नव्हतं. जोड नीट लागला नाही तर हातात एकही केबल उरणार नव्हती. मग यादीही नाही आणि दुसरा उपायही नाही. जशी आहे तशी ठेवली तर रखडत का होईना, काही पानं निघाली असती. साहेब माझ्याकडे पाहायला लागले. "बाई, खुर्ची तुमची आहे. तुम्ही सांगा." डोळ्यांपुढे भामरागडची नदी आली, आणि अलीकडच्या काठावर माझा नवरा चहाचं पातेलं घेऊन. मी म्हटलं, "चाचांना बोलवा."

चाचांनी लॉरीची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. मग वेटोळं हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपलं. "लंबाईनं वीज थकत नाई, हे माझं खरं," ते म्हणाले. "पण तार जेवढी लंबी तेवढे तिचे कान लंबे. आजूबाजूचा सगळा कल्ला ऐकत येते, हे तुमचं खरं. भोंग्याच्या तारेचं असंच होते. मलेच सुचाले पायजे होतं."

भाऊंनी मोजली. नऊ फूट. खडूची खूण केली, आणि खडू तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांची सवय बोटांत होती.

"बाई, टोकाले थोडंसं..."

"एक वीत," मी म्हटलं. "आणि तीही तुमच्या जिवासाठी."

चाचांनी कापली. उरलेला तुकडा खाली पडला तेव्हा भाऊंनी तोंड फिरवलं. एकेक तार डाग देऊन जोडायला तास दीड तास गेला, आणि तेवढा वेळ त्या खोलीत कुणी थट्टा केली नाही. केबल लावली. मी बटण दाबलं. साहेबांनी स्वतः उठून कूलर चालू केला. आम्ही चौघं भिंतीकडे कान लावून उभे, जशी शेजारणीची भांडणं ऐकावीत.

टक् नाही.

नग विचारला. आला. दुसरा विचारला. आला. चाचांनी खाली बसून पाणी मागितलं.

त्या दिवशीचा उरलेला आणि पुढचा अख्खा दिवस मी मान वर केली नाही. लिलावाच्या आदल्या संध्याकाळी यादी निघाली, सगळ्या प्रती सारख्या ठळक. मी इतकी फुगले होते की बसमध्ये दोन माणसांची जागा लागली असती.

लिलावाच्या सकाळी व्यापारी यादी घेऊन थप्प्यांमधून हिंडत होते. एक वयस्क व्यापारी थांबले, चष्मा वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "साहेब, नग चारशे एक कुठी ठेवला? बत्तीस मीटरचं सागवान पाहाचं हाय! डेपोत मावलं कसं?"

तीन वीसचं मी बत्तीस करून ठेवलं होतं. घाईत टिंब एक घर सरकलं. सगळं मैदान हसलं. भाऊ तर थप्पीला टेकून हसले, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "टोकाले थोडं वाढीव ठेवलं काय, बाई?"

साहेब यादी हातात घेऊन माझ्यापुढे. मला वाटलं, गेली खुर्ची.

"मशीन चुकलं का?"

केबल कापलेली होती, कूलरची वायर दूर होती. कुणावर ढकलू? "नाही साहेब. मी चुकले."

"छान," साहेब म्हणाले. "म्हणजे मशीन बरोबर आहे. अहो बाई, एवढ्या यादीत एकच झाड उंच वाढलं, पाचव्या कार्बनात तर जंगलच्या जंगल गायब व्हायचं. नागपूरला कळवतो, जागा भरली म्हणून. ते पत्र टाइप करा. आणि टिंबं बघून."

'अहो बाई' ऐकलं आणि मी पदरानं डोळे पुसले. ऊन फार होतं.

पत्र टाइप करून मी खुर्चीला टेकले, तेव्हा पाठीला ओलं लागलं. मागं पाहते तर खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात हा एवढा मोठा नंबर, आणि दारात डबा-ब्रश घेऊन भाऊ. डेपोत राहायचं तर नंबर लागतो. निळी साडी होती. रंग काही गेला नाही. ती अजून आहे माझ्याजवळ, पाठीवर आकडे उलटे उमटलेली.